लग्नानंतर बघू

केडगाव,
गुरुवार, दुपार

प्रिय पंकू,

पाच ब्लाउज शिवून झाले. मोरपंखीचा गळा तू सांगितलास तसाच मागून खोल घेतलाय, आणि बाह्यांच्या आत दोन बोटं कापड सोडलंय, घट्ट वाटलं तर उसवता येईल. हे पत्र त्या मोरपंखीच्या घडीत ठेवते आहे. सुप्याच्या खोलीवर बाकीच्या मुली असतील तर आत्ता उघडू नकोस. कंपनीच्या बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली की वाच.

तू म्हणशील, आईचा फोन बिघडला की काय. फोन चांगला आहे, फोनवर मीच नीट वागत नाही. रविवारी तू आवाज बारीक करून म्हणालीस, "आई, मला खाली खाज येते गं. दोन महिने झाले. आरसा धरून बघितलं तर पांढरं दिसतंय. कोड असेल का?" आणि मी काय म्हणाले? "असलं फोनवर बोलतात का? लग्न होऊ दे, मग बघू." तू "बरं" म्हणालीस आणि लगेच आचारी ठरला का ते विचारलंस. मीही जिलेबी करायची की गुलाबजाम यावर दहा मिनिटं बोलत बसले. फोन ठेवल्यापासून तुझं ते "बरं" कानातून जात नाही. तसंच "बरं" मी एकदा म्हटलं होतं, तुझ्याहून तीन वर्षांनी लहान असताना. त्याचं पुढे काय झालं ते तुला कुणी सांगितलेलं नाही, मीही नाही.

तुझी आजी कशानं गेली असं कुणी विचारलं की आपण पोटाचा कॅन्सर म्हणतो. तूही मैत्रिणींना तेच सांगितलं असशील. पंकू, आजीला पोटाचा कॅन्सर नव्हता. तिला झाला तो बाहेरच्या अंगाला, जिथे तुला खाज येते तिथे. ते तोंडाने म्हणायला शब्द सापडेना, म्हणून आम्ही पोट सांगितलं. पोट सगळ्यांना सांगता येतं.

आता सगळं पहिल्यापासून लिहिते. पाथर्डीकडची आपली माणसं दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला निघायची. तुझ्या पप्पांनी केडगावला बिऱ्हाड केलं म्हणून तुला ते बघावं लागलं नाही. माझी बारावी झाली त्या साली मीही आईबरोबर टोळीत गेले. टोळी कोल्हारच्या बाजूला उतरली होती, प्रवरेच्या काठच्या फडात. राहायला पाचटाच्या कोप्या, चार कोप्यांमागे पाण्याचं एक लोखंडी पिंप, आणि अंघोळीला दोन बांबूंना बांधलेलं जुनं लुगडं. उसाच्या पाल्यावर बारीक लव असते, तिला कूस म्हणतात. ती कपड्यातून आत शिरली की अंगाची आग आग होते, आणि धुवायला पाणी असतं तांब्याभर. सगळ्याच बाया खाजवायच्या. "ऊस कारखान्याचा आन् खाज आमाला," असं म्हणून हसायच्या. आई त्यांच्यात सगळ्यात मोठ्यानं हसायची. त्यामुळे तिची खाज वेगळी आहे हे कुणाला कळलं नाही. बहुतेक तिलाही नाही. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपून आम्ही गावी आलो, ज्येष्ठ लागला, तरी ती खाजवतच होती. मी म्हटलं, "आता कुठली गं कूस?" तर म्हणाली, "अंगात मुरलीय. मोप वर्सं झाली कोयत्याला."

खोबरेल लावून झालं, तुरटीचं पाणी झालं, लिंबाचा पाला उकळून झाला. एकदा कुणीतरी सांगितलं म्हणून तिने डेटॉल पाणी न घालता लावलं, आणि दोन दिवस पाय फाकवून चालली. विचारणाऱ्याला म्हणाली, काटा मोडलाय. डॉक्टरकडे जायचं तिला सुचत नव्हतं असं नाही. पण टोळीतल्या बायांनी खालचं काहीही दुखणं सांगितलं की पिशवी काढून टाका असा सल्ला मिळायचा, आणि पिशवी काढलेली बाई दोन महिने मोळी उचलू शकायची नाही. म्हणून कुणी सांगतच नसे.

पुढच्या हंगामात, मार्गशीर्षात, आईच्या उजव्या हाताला कोयता लागला. टाके पडले, हात गळ्यात. तेव्हा तिला अंघोळ मी घालायचे. लुगड्याच्या आडोशाला, उन्हं वर आल्यावर. तिसऱ्या का चौथ्या दिवशी पाणी ओतताना मला दिसलं. तिथली कातडी पांढरी झाली होती, सिगारेटच्या कागदासारखी पातळ, सुरकुतलेली, आणि खाजवून दोन ठिकाणी उललेली. मी तांब्या धरून उभी राहिले. तिने वर बघितलं. "काय बगतीस?" मी म्हटलं, "आई, पांढरं झालंय." ती म्हणाली, "ठावं हाय मला. कोड हाय ते. दगडीचं तोंडाला निगालं, माजं तितं निगालं, देवाचे उपकार. तोंड मिटून ऱ्हा. सक्रांतीच्या पुढं तुला बगाया येनारेत. ह्ये फुटलं तर दगडीगत गोठ्यात जलम काढशील."

दगडामावशी तू पाहिली नाहीस. आईची धाकटी बहीण. ओठावर आणि मनगटावर कोड. तिला बघायला आलेले लोक पोहे खाऊन उठले ते पुन्हा आले नाहीत, आणि मग कुणीच आलं नाही. भावाच्या गोठ्यात शेण काढता काढता म्हातारी झाली. कुणी तिच्या हातचं पाणी प्यायचं टाळलं की ती स्वतःच तांब्या खाली ठेवून मागे सरायची. ती माझ्या डोळ्यासमोर आली, आणि मी म्हणाले, "बरं."

फक्त भीतीनं म्हणाले असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला लग्न करायचं होतं. कोयता सोडायचा होता. तुझ्या पप्पांचं स्थळ आलेलं मला कळलं होतं आणि मुलगा नगरला कामाला आहे एवढ्यावरच मी मनात संसार मांडला होता. आईची ती उललेली कातडी मी पाहिली आणि पहिला विचार माझ्या मनात माझ्या लग्नाचाच आला. आईला दुखत असेल हा विचार नंतर आला. किती नंतर, ते मला सांगवत नाही.

लग्न झालं. मी इथे आले, शिलाई शिकले, तू झालीस. बाळंतपणाला गेले तेव्हा मी एकदा विषय काढला. ती चुलीत फुंकर घालता घालता म्हणाली, "तुज्या भावाचं व्हायचंय आजून. गप." भावाचं झालं. मग त्याच्या मेव्हणीचं आमच्यात जमत होतं, ते झालं. मग तू न्हातीधुती झालीस आणि ती म्हणाली, "आता पंकीचं होऊंदे येकदा." आपल्याकडे कुणाचं ना कुणाचं लग्न कायम पुढ्यात असतंच, पंकू. बाईच्या दुखण्याची पाळी काही येत नाही.

चार वर्षांपूर्वी ती आपल्याकडे राहायला आली, आठवतंय? तू तेव्हा कॉलेजला होतीस. तिला खुर्चीवर बसवत नव्हतं. तू हसून म्हणालीस, "आजी, खुर्चीत काय सुया आहेत का?" आणि तीही हसली. त्याच दिवशी तिचं पातळ धुताना मला रक्त दिसलं. पाळी जाऊन तिला पंधरा वर्षं झाली होती. या वेळी मी "बरं" म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून नगरला नेलं, चामडीच्या आणि बायकांच्या असल्याच दुखण्यांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत त्यांच्याकडे.

तिथल्या बाकावर आम्ही दोन तास बसलो. मला वाटत होतं, असलं दुखणं घेऊन आलेल्या जगात आम्ही दोघीच. पण ती सगळी खोली त्यासाठीच आली होती. एक पंचविशीतली सून भिंतीला टेकून उभी होती. आई तिला म्हणाली, "बस की गं बाय, जागा हाय." ती म्हणाली, "बसवत न्हाई आजी, लिंबायेवढी गाठ आलीया बाजूला. ठणकतीया." आई म्हणाली, "मंग ये, दोगी मिळून हुभ्या ऱ्हाऊ," आणि खरंच उठून तिच्याशेजारी उभी राहिली. एकीची पाच वर्षांची पोर होती, साबणाने लाल लाल होतं म्हणून रडायची. तिला आत नेलं आणि पाच मिनिटांत बाहेर आणलं. वासाचा साबण बंद, नुसतं पाणी, सुती चड्डी, एवढंच सांगितलं होतं. आणि आपल्या गल्लीतल्या मालनबाई! मला बघून त्यांनी पदर तोंडावर ओढला. मग पाच मिनिटांनी स्वतःच सरकत शेजारी आल्या. "विजे, मला वाटलं उष्णता हाय. वरीसभर सब्जा खाल्ला, गुलकंद खाल्ला. आता ह्या म्हनत्यात शुगर तपासा. तीनशे चाळीस निगाली! त्या शुगरनंच खाजवतंय म्हनं, आन् मी वरनं गुलकंद खातीया." बाकावरच्या सगळ्या हसल्या. मालनबाईही हसल्या. हसताना त्यांचे डोळे भरलेले होते. आता त्या बऱ्या आहेत. औषधाने पंधरा दिवसांत खाज गेली. शुगरची गोळी तेवढी रोज घेतात.

डॉक्टरीणबाईंनी आईला तपासलं आणि बराच वेळ हात धुतले. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "आजी, ही गाठ आत्ताची आहे, पण आजूबाजूची कातडी फार वर्षांपासून अशी आहे ना?" आई म्हणाली, "व्हय. कोड हाय ते." बाई म्हणाल्या, "नाही आजी. हे कोड नाही. कधीच नव्हतं." त्यांनी त्याचं इंग्रजी नाव सांगितलं, लायकन स्क्लेरोसस. कातडी पांढरी पडते, पातळ होते, खूप खाजते. कोडाला सहसा अशी खाज नसते. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. नवऱ्याला होत नाही. अस्वच्छपणाने होत नाही. पाळी गेलेल्या बायांना जास्त होतं, पण लहान मुलींनाही होतं, आणि मधल्या वयातही. मलम लावलं की बहुतेकींचं आटोक्यात राहतं, फक्त ते सोडायचं नाही आणि अधूनमधून दाखवत राहायचं, कारण वर्षानुवर्षं तसंच ठेवलं तर थोड्या जणींत त्यातून गाठ होऊ शकते. त्या थोड्या जणींत आई होती.

आईने हे सगळं ऐकलं. मग विचारलं, "न्हवतं?" बाई म्हणाल्या, "नाही." तिने पुन्हा विचारलं, "कोड न्हवतंच?" आणि मग माझ्याकडे वळून, अगदी सावकाश म्हणाली, "मंग येवडी वर्सं म्या काय लपावलं गं, विजे?"

पुण्याला ऑपरेशन झालं, किरणांचे शेक दिले. तुला आम्ही पोट सांगितलं ते तेव्हाच. ड्रेसिंग मीच करायचे. त्या आठ महिन्यांत तिने एकदाही मला दोष दिला नाही. उलट एका सकाळी म्हणाली, "तुला त्या येळंला गप केलं नसतं तर तू कुनाला तरी बोलली आसतीस. न्हाई का?" ती माझ्यासाठी सुटका शोधत होती. मी हो म्हटलं. खरं काय ते तुला वर लिहिलंच आहे. श्रावणात ती गेली.

आता आदिनाथच्या घरचे तुला बघायला आले होते तो दिवस. तू आत चहा ओतत होतीस. त्यांच्या आत्याबाईंनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "घराण्यात कोडबीड न्हाई ना कुनाला? आपलं इचारलेलं बरं." मी म्हटलं, "छे हो." दगडामावशीला मी एका शब्दात पुसून टाकलं. मावशी मेलेली, तिला काय कळणार? पण तुझा रविवारचा फोन आला तेव्हा मला आत्याबाईंचा तो अडकित्ताच दिसला, आणि माझ्या तोंडातून आई बोलली. शब्दही तिचेच.

पंकू, आदिनाथला सांगायचं की नाही, कधी, किती, हे तू ठरव. तुझं अंग आहे. मुलगा मला बरा वाटतो, पण वाटण्यावर मी काही सांगत नाही. आत्याबाईंनी पुन्हा विचारलं तर मावशीचं मी सांगणार आहे, कारण कोड असणं हा तिचा गुन्हा नव्हता. त्यावरून लग्न मोडलं तर मोडू दे. हॉल जाईल, आचारी जाईल, हे ब्लाउज तू दिवाळीला घाल. पण दुखतं अंग घेऊन, दात आवळून, तू नव्या घरात गेलेली मला चालणार नाही. माझी आई तशी वीस वर्षं राहिली.

आणि आता जे लिहायला हे पत्र घेतलं ते. चार दिवस मी हे सगळं लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं, आणि दर वेळी इथे येऊन थांबले. तुला वाटत असेल, आईला बिचारीला काय माहीत, घाबरली आणि बोलून गेली. तसं नाही. मला माहीत होतं. आई गेल्यानंतरच्या वर्षी मलाही खाज सुरू झाली, आणि दोन महिन्यांनी आरशात तेच पांढरं दिसलं. मी एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी बारीकसा तुकडा काढून तपासला. तेच निघालं, कॅन्सर नाही, नुसतं तेच. मलमाने महिनाभरात खाज थांबली. दोन वर्षं मी आठवड्यातून दोनदा लावते आहे, कपाटात साड्यांखाली ट्यूब ठेवून, आणि तुझ्या पप्पांना कंबरेचं औषध सांगून. रविवारी तू कोड असेल का म्हणून विचारलंस तेव्हा मी त्याच कपाटापाशी उभी होते. दोन वाक्यांत तुझी भीती घालवू शकले असते. आईला माहीत नव्हतं म्हणून तिने मला गप्प केलं, मी सगळं माहीत असून तुला गप्प केलं. याची माफी मागायची असते, पण ती कागदावर मागून उपयोगाची नाही. माझी ट्यूब मी तुला पाठवत नाही, कारण तुझं तेच आहे की घट्ट कपड्यांचं, घामाचं, बुरशीचं काही आहे, हे त्यांनीच बघायला हवं. सोमवारी अकराचा नंबर लावलाय, तुझ्या नावाचा आणि माझ्या नावाचा, कारण सहा महिन्यांनी दाखवा म्हणाल्या होत्या आणि मी लग्नाच्या खरेदीत ते टाळलं. नऊ वाजता मी तुला घ्यायला सुप्याच्या स्टँडवर उतरते. तुला एकटीला आत जायचं नसेल तर आपण दोघी जाऊ. तपासायच्या टेबलावर आधी मी झोपेन. तू माझ्या उशाशी उभी राहा आणि सगळं बघ.

तुझीच,
आई